लाइव्ह सुपरव्हिजन : कानात मॅडमचा आवाज आणि माझा राग

निळी शाई

बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. ही गोष्ट बॅचमध्ये बोलता येत नाही, कारण बॅचमधले सगळे त्या वेळी आरशामागेच बसलेले होते.

मी थेरपीच्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी सुपरव्हिजन म्हणजे सेशन झालं की नोट्स लिहायच्या, रेकॉर्डिंग घेऊन मॅडमकडे जायचं आणि आठवड्यापूर्वी घडून गेलेल्या गोष्टीवर बोलायचं. त्यात एक सोय असते हे आता कळतंय: काय दाखवायचं ते आपण निवडतो. यंदा फॅमिली सेशन्स सुरू झाली आणि त्याबरोबर लाइव्ह सुपरव्हिजन. एकाच बाजूने आरपार दिसणारा आरसा, त्याच्यामागे मॅडम आणि चार ट्रेनी, माझ्या कानात छोटा इअरपीस. कुटुंबाला हे सगळं आधी सांगितलेलं असतं, लेखी संमती घेतलेली असते. (पुढचे तपशील मी ओळखू येणार नाहीत इतके बदललेत.)

तिसरं सेशन होतं. आई, वडील आणि पंधरा वर्षांचा मुलगा. मुलगा शाळेत जायला तयार नाही म्हणून आलेले. बोलता बोलता आई तिच्या स्वतःच्या वडिलांच्या आजारपणावर आली आणि मध्येच थांबली. खोलीत शांतता. मला ती शांतता हवी होती. वर्षभर मी हेच शिकायला धडपडतेय, की समोरचा थांबला म्हणून लगेच प्रश्न टाकायचा नाही. ती अजून काहीतरी बोलणार आहे असं मला आतून वाटत होतं. तेवढ्यात कानात आलं, "वडिलांना विचार, हे ऐकून त्यांना काय वाटतंय."

मी विचारलं. दोन सेशन्स हाताची घडी घालून बसलेले वडील बोलायला लागले, आणि मनापासून बोलले. मुलाने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. सेशन संपल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं. मॅडम म्हणाल्या, "छान घेतलंस."

मी बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. हात थरथरत होते. आधी वाटलं, घाबरलेय. पण घाबरणं माझ्या ओळखीचं आहे. घसा कोरडा पडतो, आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. हे ते नव्हतं. हा राग होता, हातात धरलेलं काहीतरी कोणीतरी काढून घेतल्यावर येतो तसा. आणि पाठोपाठ त्या रागाची लाज. मॅडमचं बरोबर ठरलं, कुटुंब एक पाऊल पुढे गेलं, मग मला राग कसला येतोय?

त्यांनी "कसं वाटलं?" विचारलं तेव्हा मी "थोडं टेन्शन आलं होतं" एवढंच म्हणाले. टेन्शन आलं म्हणणं सोपं आहे, ट्रेनीला ते शोभून दिसतं.

तुम्हाला कोणाला असं झालंय का? झालं असेल तर सांगितलंत का?

पाऊलवाट

झालंय. माझ्या वेळी इअरपीस नव्हता, खोलीत फोन होता. तो वाजला की सगळं कुटुंब गप्प होऊन माझ्याकडे बघायचं आणि मी "हो, हो, बरं" करत ऐकायचे. निरोप चार वाक्यांचा असायचा. फोन ठेवेपर्यंत पहिलं वाक्य विसरलेलं असायचं. राग नाही यायचा, पण फार लहान झाल्यासारखं वाटायचं. ज्या बाईंना मी पाच मिनिटांपूर्वी धीर देत होते, त्याच आता माझ्याकडे काळजीने बघतायत! कधीच कोणाला सांगितलं नाही. आज चार वर्षांनी पहिल्यांदा लिहितेय.

मुक्त_१

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. क्लायंटचं भलं झालं ना? मग ट्रेनीच्या भावनांचा एवढा ऊहापोह कशाला? ते कुटुंब तुमच्या शिक्षणासाठी आलेलं नाही, त्यांच्या मुलासाठी आलंय. शस्त्रक्रिया करताना सिनियरने हात धरून थांबवलं तर शिकाऊ सर्जन रुसून बसत नाही.

आरशामागची

मी सतरा वर्षं सुपरव्हिजन करतेय, त्यातली निम्म्याहून जास्त लाइव्ह. म्हणजे निळी शाईच्या मॅडम ज्या खुर्चीत बसतात त्या खुर्चीतून लिहितेय. वयाने बरीच मोठी असणार, म्हणून अगंतुगं करते.

अगं, तुझ्या रागात लाज वाटण्यासारखं काही नाही. तू त्या क्षणी काम करत होतीस. शांतता धरून ठेवणं हे काम आहे, तुझा अंदाज बांधून झाला होता आणि तो पडताळून बघायच्या आत तुला दुसरीकडे वळवलं. तुझा अंदाज चुकीचा ठरला असं कोणीच म्हणू शकत नाही, कारण तो तपासलाच गेला नाही. वडील बोलले हे खरं. आई काय बोलली असती हे आता कोणालाच कळणार नाही. तुझा राग त्या न कळलेल्या गोष्टीसाठी आहे, असं मला वाटतं.

ही पद्धत कुठून आली ते सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. लाइव्ह सुपरव्हिजन रुजली फॅमिली थेरपीत. फिलाडेल्फियाच्या चाइल्ड गायडन्स क्लिनिकमध्ये साल्वादोर मिनुचिन, जे हेली आणि ब्राउलिओ मोन्ताल्व्हो यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी वस्तीतल्या, पदवी नसलेल्या माणसांना फॅमिली थेरपिस्ट म्हणून तयार करायला घेतलं. ही माणसं आधी वर्षानुवर्षं पुस्तकं वाचून मग खोलीत जाणार नव्हती. पहिल्यापासून खऱ्या कुटुंबांसमोर बसणार होती. मग सुपरव्हायझरने आरशामागे बसणं भागच होतं, कुटुंबाच्या सुरक्षेसाठी आणि शिकणाऱ्याच्या आधारासाठीही. मुक्त_१, तुमचा मुद्दा या पद्धतीच्या मुळाशीच आहे, तो कोणी नाकारत नाही.

पण मोन्ताल्व्हो यांनी १९७३ मध्ये या पद्धतीवर जो लेख लिहिला, त्यात सुपरव्हायझर आणि ट्रेनीने आधी बसून काय ठरवून घ्यायचं ते दिलंय. सुपरव्हायझर ट्रेनीला बाहेर बोलवू शकतो, तसं ट्रेनीही स्वतःहून उठून सल्ल्यासाठी बाहेर येऊ शकतो. कोणती सूचना पाळायचीच आणि कोणती ट्रेनीच्या मर्जीवर, याची हद्द आधी आखायची. आणि सुपरव्हायझरने ट्रेनीच्या मोकळेपणावर फार गदा आणायची नाही, आणलीच तर ट्रेनीने ते सांगणं अपेक्षित आहे. हा शेवटचा भाग आम्ही सुपरव्हायझर लोक सोयीने विसरतो. इअरपीस द्यायचा, चालू आहे का ते तपासायचं आणि आत पाठवायचं. करार काहीच नाही.

तुझ्या मॅडमनी असा काही करार केला होता का? केला नसेल, तर तुझा राग नुसता तुझ्या स्वभावाचा नाही. त्या व्यवस्थेत जे राहून गेलंय, ते तुझ्या हातांच्या थरथरण्यातून बाहेर आलं.

आणखी एक. आरशामागे बसलं की सगळं फार सोपं दिसतं. खोलीतली हवा तिथे लागत नाही. आतल्या माणसाला जे छातीवर जाणवतं, ते आम्हाला फक्त दिसतं आणि ऐकू येतं. दहा सेकंदांची शांतता आत दहा सेकंदांची असते, बाहेर ती मिनिटभराची वाटते. मी स्वतः कित्येकदा केवळ न राहवून बोललेय.

निळी शाई

@आरशामागची, करार नव्हता. "घाबरू नकोस, मी आहे" एवढंच होतं. आणि ते त्या खरंच प्रेमाने म्हणाल्या होत्या, म्हणून अजून अवघड जातंय. कठोर असत्या तर रागावणं सोपं गेलं असतं.

@मुक्त_१, रुसले नाहीये. पण तुमचा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतेय, त्यामुळे तो बोचला.

कागदी_नाव

या चर्चेत अनुभवाबरोबर थोडा अभ्यासही यावा म्हणून लिहितो. मी थेरपिस्ट नाही, सामाजिक मानसशास्त्र शिकवतो.

कोणी बघत असताना माणसाच्या कामाचं काय होतं, यावरचे जुने प्रयोग एकमेकांशी जुळत नव्हते. काहींत काम सुधारायचं, काहींत बिघडायचं. १९६५ मध्ये रॉबर्ट झायन्स यांनी त्याचा उलगडा मांडला. कोणी बघत असलं की अंगात जे मुरलेलं आहे ते जोरात वर येतं. म्हणून हातखंडा असलेलं काम आणखी छान होतं आणि नुकतं शिकत असलेलं काम ढासळतं.

आता निळी शाईंच्या खोलीत बघा. शांतता धरणं ही त्यांची नवी, कोवळी गोष्ट. मुरलेलं काय होतं? वर्गात बाईंनी सांगितलं की लगेच करणं. वीस वर्षं आपण सगळे तेच गिरवत आलो. पाच जण बघत असताना त्यातलं काय वर येणार? मला वाटतं राग मॅडमवर जेवढा होता तेवढाच स्वतःवर होता, की मी इतक्या झटकन ऐकलं कसं.

निळी शाई

हे वाचून दहा मिनिटं नुसती बसून राहिले. हो. मी एक सेकंदही थांबले नाही.

दुसरा_किनारा

मुक्त_१ यांच्या बाजूने नाही, पण दुसऱ्या टोकाचा अनुभव लिहिते, कारण नाहीतर धागा एकाच सुरात जाईल.

माझ्या प्रशिक्षणाच्या पहिल्याच महिन्यात एका मुलीने, अगदी सहज, नखं बघत, सांगितलं की तिला जगावंसं वाटत नाही. मला सगळं पाठ होतं. काय विचारायचं, कोणत्या क्रमाने विचारायचं, सगळं. आणि मी थिजले. डोकं पांढरं झालं. कानात अगदी हळू आवाज आला, "मी इथे आहे. तिला विचार, कधीपासून." मग अर्धा मिनिट काहीच नाही. मग, "काही ठरवलंय का, ते सरळ विचार." मी विचारत गेले. त्या दिवशी ती मुलगी एकटी घरी गेली नाही, तिच्या बरोबर कोण असणार, पुढे कोणाकडे न्यायचं, हे सगळं ठरवून गेली.

सेशननंतर मी सरांसमोर रडले. लाज, सुटका, कृतज्ञता, सगळं एकदमच आलं. नोट्सवरच्या सुपरव्हिजनमध्ये हे आठवड्याने कळलं असतं. त्या आवाजाबद्दल मला आजही फार माया वाटते.

पण त्या मायेची दुसरी बाजूही सांगते. पुढचे चार महिने मी वाट बघायला लागले. क्लायंट काहीतरी बोलायचा आणि माझं मन कानाकडे जायचं. आवाज आला नाही की वाटायचं, चुकलंच काहीतरी. लाइव्ह सुपरव्हिजन संपली आणि पहिल्यांदा एकटी खोलीत बसले, त्या दिवशी कान रिकामा वाटला. दुःखच झालं म्हणा ना. ट्रेनी यंत्रासारखा होतो ही या पद्धतीवरची जुनी टीका आहे. ती मला वाचून नाही, त्या दिवशी कळली.

पाऊलवाट

@दुसरा_किनारा, "मी इथे आहे" हे दोन सूचनांच्या आधी आलं, ते फार मोठं आहे. मला फोनवर एकदाही हे ऐकायला मिळालं नाही.

खडू_फळा

यावरून आमच्या कामातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी लहान मुलांच्या वागणुकीवर काम करते. पॅरेंट चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी नावाची पद्धत आहे, शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेली, साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी. त्यात इअरपीस आई किंवा वडिलांच्या कानात असतो. ते मुलाशी खेळतात आणि आम्ही आरशामागून त्यांना बोलत राहतो.

या पद्धतीत आम्हाला पहिली गोष्ट ही शिकवतात की पालकाच्या कानात कौतुक भरपूर जायला हवं, आणि तेही नेमकं. "छान" नाही. "त्याने ठोकळा दिला तेव्हा तुम्ही त्याचं नाव घेऊन आभार मानलेत, तो लगेच तुमच्याकडे सरकला." सूचना त्याच्या मधेमधे, छोट्या. कारण कानात नुसत्या सूचना आल्या की आई मुलाकडे बघायचं सोडून आमच्यासाठी खेळायला लागते. हे आम्ही रोज डोळ्यांनी बघतो.

मग संध्याकाळी त्याच आरशामागे बसून आम्ही ट्रेनीच्या कानात काय बोलतो? "हे विचार. ते सोड. मुलाकडे वळ." मी स्वतः हेच करत आलेय आणि हा धागा वाचेपर्यंत दोन्ही गोष्टी कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. निळी शाई, ती शांतता तुम्ही धरली होतीत तेव्हा कानात "धरून ठेव, छान धरलीयस" आलं असतं तर?

मुक्त_१

माझा आधीचा प्रतिसाद घाईत लिहिला होता. सर्जनचं उदाहरण इथे बसत नाही, दुसरा_किनारा यांचा अनुभव वाचून लक्षात आलं. शस्त्रक्रियेत रुग्ण झोपलेला असतो. इथे तो समोर बसून तुमचा चेहरा बघत असतो.

साधी_आई

मी यातली तज्ज्ञ वगैरे नाही. पण त्या आरशासमोर बसलेली आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही लेकीसाठी फॅमिली थेरपीला जायचो. आरसा असतो, मागे माणसं असतात, सगळं सांगितलं होतं, सही केली होती.

आमची थेरपिस्ट तुमच्याच वयाची असेल. चांगली होती. पण मधूनच तिचे डोळे जरासे हलायचे. मला लगेच कळायचं. आता तिला कोणीतरी काहीतरी सांगतंय. त्या वेळी ती ऐकत असायची, पण माझं नाही. मी बोलायची थांबायचे. तिला वाटायचं मी भरून आल्यामुळे थांबले.

तिचा राग नाही आला कधी. तिची दया यायची. आणि मागच्या लोकांची भीती वाटायची, कारण ती आमच्याबद्दल काय बोलतात ते आम्हाला कधीच कळायचं नाही. नंतर एकदा त्यांनी वेगळंच केलं. मागची माणसं आमच्या खोलीत येऊन बसली आणि आमच्यासमोरच आपापसात बोलली, आम्ही ऐकलं. त्या दिवसानंतर मला मोकळं वाटायला लागलं. ते असं का करतात माहीत नाही.

आरशामागची

साधी_आई, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना वाचायला देईन, तुमची परवानगी असेल तर.

तुम्ही म्हणता त्याला रिफ्लेक्टिंग टीम म्हणतात. नॉर्वेत टॉम आंदर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दिवे आणि आवाज उलटे केले. आरशामागच्या टीमच्या खोलीत उजेड, आणि कुटुंबाने बसून टीमचं बोलणं ऐकायचं. त्यांनी १९८७ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि जगभर ते पसरलं. कुटुंबासमोर बोलायचं म्हटल्यावर मागच्या माणसांची भाषाच बदलते, "ही आई फार अडवणूक करते" असं तोंडातून निघत नाही. ट्रेनीसाठीही ते वेगळं असतं. तिच्या कामाबद्दल जे काही बोललं जातं, ते तिच्या पाठीमागे उरत नाही.

निळी शाई, मॅडमना सांगशील का? तू एकटीच लपवतेयस असं नाही. लडानी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ट्रेनी थेरपिस्टांवर अभ्यास केला होता, सुपरव्हायझरपासून काय काय लपवता असं विचारून. ९७ टक्क्यांहून जास्त जणांनी काही ना काही लपवल्याचं मान्य केलं, आणि सर्वांत जास्त लपवलेली गोष्ट होती सुपरव्हायझरबद्दलचीच नकोशी भावना. मी सुपरव्हायझर म्हणून हा आकडा लक्षात ठेवते. समोरची "थोडं टेन्शन होतं" म्हणाली की मी पुन्हा एकदा विचारते.

निळी शाई

सांगितलं.

तीन दिवस वाक्यं जुळवत होते. शेवटी जुळवलेलं काहीच बोलले नाही. एवढंच म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही वडिलांना विचार म्हणालात तेव्हा मला राग आला होता. मला ती शांतता अजून थोडी हवी होती."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी त्या दिवसाचा कागद काढला. आरशामागे बसून त्या मिनिटागणिक टिपणं घेतात. त्या जागी त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "आई थांबली. निळी थांबलीय, छान." आणि खालच्याच ओळीत, "वडील?" त्या म्हणाल्या, "तू थांबलीयस हे मला दिसलं होतं. मला आवडलंही होतं. मग मलाच ती शांतता सहन होईना."

ते "छान" त्यांनी लिहिलं होतं. माझ्या कानात आलं नव्हतं. @खडू_फळा, तुमचं वाक्य मी त्यांना तिथेच सांगितलं.

आम्ही दोघींनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. जोखमीची गोष्ट असेल तर त्या "आत्ता" म्हणून सुरुवात करणार आणि ते मी ऐकणारच. बाकी सगळं "जमलं तर" ने सुरू होणार, ते घ्यायचं की नाही ते मी ठरवणार. एका वेळी एकच वाक्य. आणि मी पेन मांडीवर आडवं ठेवलं की कोणीही बोलायचं नाही.

कालच्या सेशनमध्ये पेन ठेवलं. आई पुन्हा तिच्या वडिलांवर आली होती. खूप वेळ शांतता होती. आणि मग ती म्हणाली, "किती वेळ राहिलाय आपला?" बस. बाकी काही उघडलं नाही. मला भीती वाटत होती सगळा वेळ, की मी उगाच ताणतेय. पण ती भीती माझी होती, मला तिच्याबद्दल विचार करता येत होता. राग आला नाही.

दुसरा_किनारा

"किती वेळ राहिलाय" हे काही कमी नाही गं. तिला अजून वेळ हवा असेल, किंवा सुटका हवी असेल. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात कर.

कागदी_नाव

मॅडम पेन ठेवल्यावर खरंच गप्प राहिल्या?

निळी शाई

@कागदी_नाव, राहिल्या. नंतर म्हणाल्या की माइकचं बटण बंद करून त्यावरून हातच काढून घेतला होता.

@साधी_आई, तुमच्यामुळे एक गोष्ट बदलली. मी ग्रुपमध्ये तुमचं सांगितलं (तुमचं नाव नाही, फक्त अनुभव). पुढच्या आठवड्यात सेशन सुरू व्हायच्या आधी कुटुंबाला आरशामागची खोली दाखवणार आहोत. कोण कुठे बसतं, काय लिहितं, माइक कुठे आहे, सगळं. त्यांना हवं असेल तर मुलगा खोलीत बसेल आणि आई-वडील मागून बघतील.

साधी_आई

दाखवा, नक्की दाखवा. मला कोणी दाखवली नाही. सगळा वेळ माझ्या डोक्यात हेच असायचं, की मागे नक्की किती खुर्च्या आहेत.